फाटलेला लाइट

आष्टीच्या चौकात ज्याच्या गाडीचे दिवे बिघडले, त्याचा अपमान ठरलेला होता. दिवे दुरुस्त होत, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण त्याआधी मारोती चिचघरे नावाच्या बुटक्या माणसासमोर उभं राहून आपण किती मूर्ख आहोत हे ऐकून घ्यावं लागे. चामोर्शीकडून येणारे, अहेरीकडे जाणारे, गोंडपिपरीहून नदी ओलांडून आलेले, सगळे ऐकून घेत. त्यांच्या टपरीला लागून माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान. मधे एक पत्रा. त्या पत्र्याआडून अकरा वर्षं मी लोकांचे अपमान ऐकले. खोटं कशाला बोलू, आवडीनं ऐकले.

मारोतभाऊंच्या गळ्यात दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब लटकत असे. वीज कुठपर्यंत आली आणि कुठे अडली हे ते त्यानं शोधत. त्याला ते टेस्ट लॅम्प म्हणत आणि डॉक्टरनं गळ्यात नळी अडकवावी तसा तो अडकवून बाजारातही जात. वांग्याच्या दुकानात त्याची गरज काय, असं एकदा मी विचारलं. "माणूस कोण येऊन राह्यला ते वांगेवालीले समजलं पाह्यजे ना," असं उत्तर मिळालं.

गाडी येऊन थांबली की ते जागचे हलत नसत. खुर्चीतूनच सुरू होत.

"काय झालं?"

"लाइट गेला, भाऊ."

"लाइट मंजे काय? अप्पर गेला का डिपर?"

लांबवर फेकतो तो अप्पर आणि समोर जवळ, खाली पडतो तो डिपर, एवढं आमच्याकडे बैलगाडी हाकणाऱ्यालाही माहीत असतं. पण मारोतभाऊंच्या तोंडून तो प्रश्न आला की भल्याभल्यांची ततपप होई.

"बहुतेक... दोन्ही."

"बहुतेक? बायको घरी आहे का नाई तेही बहुतेकच सांगता का? एका बाजूचा गेला का दोन्ही बाजूचा? गेला तेव्हा गाडी थंडी होती का गरम? खड्डा आलता का?"

ही उलटतपासणी पुरी झाल्याशिवाय ते बॉनेटला हात लावत नसत. आणि हे मान्य करायलाच हवं की त्या माणसाच्या डोक्यात सगळं नीट लावून ठेवलेलं होतं. एकाच बाजूचा डिपर गेला तर बल्ब पाहायचा. दोन्ही बाजूंचे एकदम गेले तर बल्बला हात लावायचा नाही, कारण दोन बल्ब ठरवून एका मुहूर्तावर मरत नाहीत. तिथं फ्यूज पाहायचा, रिले पाहायचा, नाहीतर स्टेअरिंगजवळचा डिपरचा स्विच. अप्पर, डिपर दोन्ही लागतात पण मिणमिणतात, तर अर्थिंगची, म्हणजे करंट परत नेणारी, वायर गंजलेली असते. आणि सगळ्यात शेवटी त्यांचं आवडतं वाक्य येई, "थंडी गाडी खोटं बोलते." गाडी अर्धा तास चालवून, दिवे तापवून मगच तपासायची, असा त्याचा अर्थ. हे वाक्य ते ज्या थाटात बोलत, त्या थाटात लोक आशीर्वाद देतात.

एकदा गडचिरोलीहून एक प्राध्यापक आले. दिवे मंद झाले म्हणून त्यांनी तीनदा बल्ब बदलून पाहिले होते. मारोतभाऊंनी बॉनेट उघडलं, एक स्क्रू ढिला केला, वायरीचं टोक आणि खालचा पत्रा पॉलिशपेपरनं घासला, स्क्रू आवळला. दिवे लख्ख.

"काय शिकवता जी तुम्ही?"

"भौतिकशास्त्र."

"त्यात करंट येते का?"

"हो. येतं ना."

"आलेला करंट वापस जाते, हे पुस्तकात आहे का नाई?"

प्राध्यापक हसले. हसणं ही चूक होती. पुढची दहा मिनिटं चौकातल्या पानठेल्यावरच्या लोकांसमोर त्यांचा वर्ग घेतला गेला. जाताना त्यांनी माझ्याकडून पेन विकत घेतला, तो बहुधा हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

एक पुढारी काळी मोठी गाडी घेऊन आले होते. गाडीच्या नाकावर सहा जादा दिवे. ते सहाही एकदम लावले की मेन फ्यूज उडत होता.

मारोतभाऊ गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "सहा दिवे लावून काय पाहता? पडलेली मतं?"

पुढारी दोन निवडणुका हरलेले होते. त्यांच्या सोबतच्या चौघांनी हसू दाबण्यासाठी चार वेगवेगळ्या दिशांना पाहिलं. फ्यूज काही दुरुस्त झाला नाही. "चार काढा, मंग या," असं सांगून मारोतभाऊ चहा प्यायला गेले.

अप्परचा त्यांना राग होता. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेची गर्दी सुरू झाली की दिवस मावळता हा माणूस चौकात दुपट्टा घेऊन उभा राही आणि समोरून अप्पर मारत येणाऱ्याला थांबवून विचारी, "अंगावर काऊन येऊन राह्यला बे? अप्पर आपल्यासाठी असते, डिपर समोरच्यासाठी असते. समोर माणूस आहे का नाई?" लोक निमूट डिपर करत. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या जिभेला डिपर नव्हता, हे सांगायची कोणाची छाती नव्हती. ती होती फक्त पारबताबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची. पण त्या त्यांच्याशी भांडत नसत. दोन-चार शब्द टाकून निघून जात आणि मारोतभाऊ मग तासभर नुसते पक्कड उघडत-मिटत बसत.

पुढं मारोतभाऊंना एक नवा आजार दिसू लागला. तो गाड्यांना झाला होता, असं त्यांचं म्हणणं. त्याचं नाव 'लाइट फाटणे'.

"पाहा, पाहा कसा फाटून राह्यला. सरळ जातच नाई. काटे फेकते."

ग्रामपंचायतीच्या पांढऱ्या भिंतीवर ते संध्याकाळी गाडीचा उजेड पाडत आणि मान हलवत. भिंतीवर मला तरी नेहमीसारखा उजेड दिसे. पण नेहमीसारखा म्हणजे कसा, हे आपण कुठं पाहून ठेवलेलं असतं? निदान मारोतभाऊंचं होतं आणि त्यांचं कधी चुकलेलं नव्हतं. त्यांनी रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागची चकचकीत वाटी, बदला म्हटलं, लोकांनी बदलले. काच बदला म्हटलं, काच बदलली. तालुक्यातल्या निम्म्या धडधाकट गाड्यांचे डोळे काढून नवे बसवले गेले. नवे बसवल्यावरही लाइट फाटलेलाच राही. मग मारोतभाऊ कंपन्यांना शिव्या देत. बदलणाऱ्यांत मीही होतो, माझ्या स्कूटीचा रिफ्लेक्टर बदलला. बदलल्यावर "आता कसं बरं दिसते ना?" असं त्यांनी विचारलं आणि मी "फार फरक पडला" म्हणालो. काहीही फरक पडलेला नव्हता.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. गेलं नाही, ते दलसू मडावीमुळं.

अहेरीच्या रस्त्यावरून आत जंगलात एक खासगी आश्रमशाळा आहे. तिच्या जीपवर दलसू ड्रायव्हर होता. पस्तिशीचा, कमी बोलणारा. त्याची मराठी मोजकी, गोंडी भरपूर. भाद्रपदात एका संध्याकाळी वसतिगृहाचा तांदूळ आणि डाळ घेऊन तो परत चालला होता. सोबत शाळेची स्वयंपाकीण होती. समोरून ट्रक आला. दलसूनं रीतसर अप्परचा डिपर केला आणि दोन्ही दिवे गपकन गेले. जीप नालीत उतरली. तांदूळ चिखलात गेला, स्वयंपाकिणीचा हात मोडला.

दलसू म्हणाला, डिपर केला की दिवे जातात, हे मी ऑफिसात दोनदा सांगितलं होतं. स्वयंपाकीण म्हणाली, दिवे गेले होते, मी पाहिलं. पण संस्थेचे सचिव बोरकुटेसाहेब यांना वाटत होतं की ड्रायव्हर झोपला असावा किंवा प्यायला असावा. वाटण्यापुरतं थांबू नये म्हणून त्यांनी जीप ओढून मारोतभाऊंच्या दारात आणली. सोबत दलसूही होता. तो रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाखाली उभा राहिला.

त्या दिवशी मारोतभाऊंनी कोणाची उलटतपासणी घेतली नाही. बोरकुटेसाहेबांनी खुर्ची मागितली, त्यांना मारोतभाऊंचीच खुर्ची मिळाली. साहेब बोलत होते आणि मारोतभाऊ ऐकत होते, हे दृश्य चौकानं प्रथमच पाहिलं. साहेबांनी त्यांना तीनदा 'तज्ज्ञ' म्हटलं. या शब्दानं माणूस किती फुगतो, ते मी पत्र्याच्या फटीतून बघत होतो.

मग जीप चालू करून दिवे लावले. अप्पर लागला. डिपर लागला. गाडी थंडगार होती. भिंतीवरचा उजेड पाहून मारोतभाऊ म्हणाले, "फाटून राह्यला. बल्ब मोठा घातला कोणीतरी." मग एक बल्ब बाहेर काढला, डोळ्यासमोर धरला, जवळ नेला, लांब नेला आणि जाहीर केलं, "पाहा. शंभर-नव्वद."

इथं थोडं सांगावं लागेल. जीपला साठ-पंचावन्नचा बल्ब लागतो. काही ड्रायव्हर जास्त उजेडाच्या हौसेनं शंभर-नव्वदचा घालतात. त्यानं स्विच तापतो, आतला जोड जळतो आणि डिपर दगा देतो. म्हणजे दोष ड्रायव्हरच्या हौसेचा. निदान सुरेख होतं, एकही कोपरा मोकळा नव्हता.

"हेच लेखी द्या," साहेब म्हणाले.

मारोतभाऊ तो बल्ब घेऊन माझ्या दुकानात आले, टेबलावर ठेवला आणि सांगू लागले. मी टाइप केलं. 'तांत्रिक तपासणी अहवाल' हे शीर्षक माझं. 'चालकाने परस्पर उच्च क्षमतेचे बल्ब बसविल्याचे निदर्शनास आले' हे वाक्यही माझं, आणि त्या वेळी मला ते आवडलं होतं. बल्ब माझ्या हातापासून वीतभर अंतरावर पडलेला होता. माझा चष्मा नवा होता. बल्बच्या पितळी बुडावर आकडे कोरलेले असतात. मी पाहिले नाहीत. मारोतभाऊंनी पाहिलेत म्हटल्यावर आपण कशाला पाहायचं?

आठवड्याभरात दलसूला काढलं. त्याच्या जागी साहेबांचा भाचा आला. जीपचे बल्ब मात्र कोणी बदलले नाहीत. दोषी ठरलेला बल्ब कामावर कायम राहिला, ड्रायव्हर तेवढा गेला.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पारबताबाईंनी निरांजन लावलं. मारोतभाऊ पाटावर बसले, निरांजनाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ह्याचाही लाइट फाटून राह्यला."

पारबताबाईंनी हातातली तबकडी खाली ठेवली. "निरांजनाचा रिफ्लेक्टर कुठी भेटते जी? मंगळवारच्या बाजारात का चांद्याले जा लागते?"

मारोतभाऊंनी निरांजन थोडं लांब सरकवलं.

"तांदळातला खडा तुम्हाले दिसत नाई. मीठ समजून साखर घालता. परवा माह्या बहिणीले मीच समजून तिच्यावर खेकसले. दोन वर्षं झाले, मी मनलं, बोलतीन, कधीतरी बोलतीन. गाड्यायले कायले बदनाम करून राह्यले?"

हे मला दुसऱ्या दिवशी पारबताबाईंनीच सांगितलं. चिवडा द्यायला आल्या होत्या. सांगताना हसल्या नाहीत, म्हणून मीही हसलो नाही. त्या गेल्यावर हसलो.

शेजारच्या गावात डोळ्यांचं शिबिर लागलं, तेव्हा त्या त्यांना जवळजवळ ओढत घेऊन गेल्या. माझ्या स्कूटीवर एकजण मागे बसणार म्हणून मारोतभाऊ माझ्यामागे आणि पारबताबाई काळीपिवळी टॅक्सीत. तपासणारी मुलगी विशीतली होती.

"कोणत्या डोळ्याला कमी दिसतं, काका?"

"थांब बाई. पद्धतीनं जाऊ. एका बाजूचा गेला का दोन्ही बाजूचा, ते आधी पाह्य."

मुलीनं एक डोळा झाकून वाचायला लावलं, मग दुसरा. मारोतभाऊ पाटीवरच्या अक्षरांशी हुज्जत घालत होते. पाटीवर उजेड बरोबर नाही, पाटी वाकडी टांगली आहे, छपाई फाटलेली आहे. मुलीनं टॉर्चनं डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "दोन्ही बाजूंना मोतीबिंदू आहे. उजवा चांगलाच पिकलाय. दिव्यांभोवती काटे दिसत असतील ना? केव्हापासून?"

मारोतभाऊंनी गळ्यातला बल्ब मुठीत धरला.

"मंजे काच माही खराब होती?"

"हो, आतली. बदलून देतात. घाबरू नका."

परत येताना ते स्कूटीवर माझ्यामागे एक शब्द बोलले नाहीत. समोरून दोन गाड्या अप्पर मारत आल्या. तरीही नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा आला, तोही गेला. मारोतभाऊ दुकानात येऊन बसू लागले, पण अपमान बंद. संध्याकाळी खुर्ची रस्त्याकडे वळवून ते जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांकडे नुसते बघत. गाड्या लागोपाठ जात होत्या, खनिजाचे ट्रक, काळीपिवळ्या, मोटरसायकली. चौथ्या दिवशी मी पत्र्यापलीकडून विचारलं, "काय पाहता, भाऊ?"

"सगळ्यायचे लाइट नीट झाले जी," ते म्हणाले. आवाज इतका खाली मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

शिवरात्र झाली आणि फाल्गुनात ती जीप परत आली. सचिवांचा भाचा उतरला. नवा गॉगल, हातात मोबाइल.

"डिपर केला की दोन्ही जातात, काका. मामी म्हणते, चालवू नको अशी गाडी, जिवाचा धोका आहे. मामांनी लगेच पाठवलं. स्विच खराब असेल म्हणाले."

भाच्याचा स्विच खराब असू शकत होता.

मारोतभाऊ खुर्चीतून उठले. जीप अर्धा तास अहेरीच्या रस्त्यावर दिवे लावून फिरवून आणली. मग डिपर केला. दोन्ही दिवे गेले. स्विच उघडला. आतली जुनी पत्ती झिजून सैल पडली होती. गाडीच्या वयाची झीज होती, जळाल्याची खूण कुठंही नव्हती. मग त्यांनी बल्ब काढला आणि पुष्कळ वेळ हातात धरला. मग माझ्या दुकानात आले, त्याच टेबलावर बल्ब ठेवला.

"वाचा."

मी वाचलं. "साठ-पंचावन्न."

"बुडावरची रंगाची खूण पाहा. कंपनीतून आलेला आहे. माह्याशिवाय कोणी काढलाच नाई कधी."

"मग तुम्ही त्या दिवशी..."

"मले दिसला नाई. साहेब समोर बसून होता. वाचून दाखव कोणाले म्हणायची लाज वाटली. अंदाजानं बोललो." थोडं थांबून ते म्हणाले, "दुसरं लिहा."

"भाऊ, कोणी मागितलेलं नाही."

"लिहा. मी, मारोती चिचघरे, आंधळा होतो."

"दृष्टिदोषामुळे, असं लिहू का?"

"नाई. दृष्टिदोष साहेब लोकायले होते. आंधळा लिहा. बल्ब वाचला नाई, वाचल्यासारखं केलं. गाडी गरम केली नाई. ड्रायव्हरले काई विचारलं नाई. स्विच जुना होता, ड्रायव्हरचा दोष नाई. संपलं."

मी टाइप केलं. या खेपेला एकही वाक्य माझं नव्हतं, आणि ते बरंच झालं.

जीप न्यायला बोरकुटेसाहेब स्वतः आले. पत्र वाचून त्यांनी घडी घातली. पत्र्याच्या फटीला मी डोळा लावून होतो.

"मारोतराव, ते प्रकरण बंद झालंय."

"प्रकरण बंद झालं, पण माणूस बसला ना घरी."

"तुमचं नाव खराब होईल. लोक म्हणतील, आंधळ्याकडून गाड्या दुरुस्त केल्या."

"मनतीन. केल्याच ना."

"हे फाडून टाका."

"तुमच्या हातात आहे, तुम्ही फाडा. झेरॉक्सवाल्यानं गठ्ठा काढून ठेवला आहे."

मी त्या क्षणापर्यंत एकही प्रत काढलेली नव्हती. साहेबांची गाडी वळल्याबरोबर मशीन सुरू केलं. एक प्रत टपरीच्या पत्र्यावर लागली, एक बसस्टँडवर, एक आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयात आवक करून आलो, आणि एक आश्रमशाळेच्या फाटकावर, ती मारोतभाऊंनी स्वतः लावली.

मग खरी मजा सुरू झाली. ज्यांनी ज्यांनी रिफ्लेक्टर बदलले होते, ते सगळे पत्र वाचून आले. टपरीपुढं पंधरा-वीस जण जमले. कोणी हसत होतं, कोणी तावात होतं. काळ्या गाडीचे पुढारीही आले होते, आज हसायची पाळी आपली आहे अशा समजुतीत. मारोतभाऊ मधोमध उभे राहिले. माफी मागतील असं सगळ्यांना वाटलं.

"मी आंधळा होतो," ते म्हणाले. "तुमचे डोळे तं चांगले होते ना? तुमच्या गाडीचा लाइट तुम्हाले सरळ दिसत होता ना? मंग बदलला काऊन?"

एक-दोघं वळून आपापल्या गाडीच्या दिव्यांकडे पाहू लागले.

"मारोतभाऊ बोलला म्हणून! मारोतभाऊनं सांगतलं तुमची बायको फाटून राह्यली, तं बायको बदलान का?"

पुढाऱ्यांनी खिशातला फोन काढून कानाला लावला, तो वाजलेला नव्हता. लोक पांगले. मी माझ्या काउंटरवरच्या कागदांच्या कडा सारख्या करत बसलो.

दलसूकडे जायला मात्र त्यांना आणखी आठ दिवस लागले. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. आम्ही सकाळी त्याच्या गावाबाहेर पोचलो, तेव्हा तो आणि त्याची बायको झाडाखाली फुलं वेचत होते. दलसूनं आम्हाला पाहिलं आणि वेचतच राहिला. मारोतभाऊंनी पत्र पुढं केलं. दलसूनं ते घेतलं, सावकाश वाचलं, टोपलीत फुलांवर ठेवलं.

"हे आता आणलं."

"हो. आता दिसलं."

दलसू उठून उभा राहिला. "भाऊ, तुम्ही सगळ्यायले विचारता. अप्पर गेला का डिपर, खड्डा होता का, गाडी गरम होती का. मी कित्येकदा आलो तुमच्याकडे, तुम्ही मले हजारदा विचारलं. त्या दिवशी मी झाडाखाली उभा होतो. दोन तास. मले काऊन नाई विचारलं?"

मारोतभाऊंना दोन्ही हात कुठं ठेवावेत ते कळेना. गळ्यातल्या वायरी त्यांनी धरल्या, सोडल्या.

"साहेब बोलून राह्यला होता," ते म्हणाले.

"मंग?"

"मी त्याचं आयकून राह्यलो होतो."

"डोळ्यानं आयकत होते का?" दलसूची बायको म्हणाली. ती एवढं एकच वाक्य बोलली आणि पुन्हा फुलं वेचू लागली.

दलसूनं चहा विचारला नाही. निघताना पत्र मात्र टोपलीतून काढून शर्टाच्या खिशात घातलं.

संस्थेनं त्याला परत घेतलं नाही. प्रकल्प कार्यालयात आमचा कागद आजही आवक झालेलाच आहे, पुढं कुठं गेला नाही. पण अपघात करणारा ड्रायव्हर म्हणून कोणी दलसूच्या हातात किल्ली देत नव्हतं, ते थांबलं. पावसाळ्याच्या तोंडी त्याला एका ठेकेदाराच्या रुग्णवाहिकेवर काम मिळालं. ती गाडी तो मारोतभाऊंकडेच आणायचा. दोघांत मैत्री वगैरे झाली नाही. दलसू गाडीतून उतरे, आणि मारोतभाऊ, जे प्राध्यापकाला अरे-तुरेच्या काठावर ठेवत, ते खुर्चीतून उठून म्हणत, "तुम्ही सांगा जी." मग दलसू दोन वाक्यांत सांगे आणि मारोतभाऊ मधे एकदाही तोंड उघडत नसत. बाकीच्यांशी त्यांची जीभ महिन्याभरात पूर्ववत झाली. थोडी जास्तच धार आली, कारण आता त्यांना सगळं दिसत होतं.

संस्थेच्या गाड्या त्यांच्याकडे परत आल्या नाहीत. साहेबांच्या ओळखीतल्याही हळूहळू गळाल्या. त्यानं त्यांना काही झालं नसतं, पण मग रस्ता रुंद करायचं निघालं. खांबांवर लाल खुणा झाल्या, त्यात त्यांची टपरी गेली. माझं दुकान दोन फुटांनी वाचलं. मुलगी ब्रह्मपुरीला असते, तिच्याकडे जायचं ठरलं.

सामान न्यायला पिकअप आली त्या सकाळी मी दुकान उघडत होतो. खाट, कोठी, भांड्यांची पोती, सगळ्यावर उलटी ठेवलेली लोखंडी खुर्ची. पारबताबाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या. मारोतभाऊंना तिथं जागा होती, पण ते मागं सामानावर चढले, ड्रायव्हरनं दोरी चुकीची बांधली आहे म्हणून. गाडी सुरू झाली तरी ते दोरीबद्दल बोलत होते. मी हात वर केला. त्यांनी हात केला नाही. ते माझ्या डोक्याच्या वर कुठंतरी पाहत होते, डोळे बारीक करून, जसे ते कोणाचाही पाणउतारा करण्याआधी करत.

"ओ झेरॉक्स!" ते ओरडले. "तुमच्या बोर्डावर 'स्टेशरी' लिहून आहे!"

पिकअप चामोर्शीच्या रस्त्याला लागली. मी रस्त्यावर उतरून मागं वळलो आणि वर पाहिलं. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. अकरा वर्षं मी त्या बोर्डाखाली कुलूप उघडत होतो. 'न' नव्हता.